कांपाल, टिळक मैदान, फातोर्डा: गोव्याच्या फुटबॉलप्रेमींमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने १८ मे २०२५ रोजी गुडिसन पार्कवर अखेरचा सामना खेळला. १८९२ पासूनचं बिऱ्हाड हलवून क्लब लिव्हरपूलच्या जुन्या गोदीत उभारलेल्या, जवळपास ५३ हजार आसनांच्या स्टेडियममध्ये गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडने आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या शेजारी एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधण्याचा बेत जाहीर केला. गोव्यात युनायटेडचे चाहते गावोगावी आहेत. जुनं पाडू नये म्हणणारे आणि गळकं छप्पर किती दिवस कुरवाळत बसायचं म्हणणारे, असे दोन तट इथेही भेटतात.

गंमत अशी की, सातासमुद्रापलीकडच्या मैदानासाठी हमरीतुमरीवर येणाऱ्या या गोव्यात मोठ्या क्लबाचं स्वतःच्या मालकीचं मोठं स्टेडियम ही गोष्टच नव्हती. इथले क्लब कायम भाडेकरू. मैदानाचा धनी कधी गावची कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, कधी चर्च, कधी फुटबॉल संघटना आणि मोठ्या सामन्यांच्या बाबतीत बहुतेकदा सरकार. त्यामुळे घर बदलण्याचा निर्णय क्लबाने घेतला आणि चाहत्यांनी त्याला विरोध केला, असं इथे सहसा घडलंच नाही. सामने कुठे व्हायचे हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं आणि मागाहून चाहते आपापसांत भांडत राहिले: मोठा फुटबॉल मडगावच्या फातोर्ड्यात हवा की उत्तर गोव्यात?

विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश पाद्र्याने १८८३ साली शिवोलीत फुटबॉल आणला, असं सांगितलं जातं. पुढे तो चर्चच्या आवारांत, शाळांच्या पटांगणांत आणि कापणीनंतर रिकाम्या पडणाऱ्या भातशेतांत वाढला. सरद पीक निघालं की धसकटं तुडवत खेळ सुरू व्हायचा. आंतरग्राम स्पर्धांमध्ये संघ गावाचा, मैदान गावाचं आणि शिव्याही गावाच्याच नावाने. घरचं मैदान म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

क्लब त्यानंतर आले. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ चा. साळगावकर संघ १९५६ मध्ये विमसन या नावाने उभा राहिला. सेझा १९६५ चा, धेंपोही त्याच दशकातला. गोवा फुटबॉल संघटना १९५९ ची, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षं आधीची. यातल्या मोठ्या क्लबांमागे खनिजाचा पैसा होता. मालकांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, बाहेरून चांगले गडी आणले, पण स्टेडियम बांधलं नाही. त्याची गरजही कुणाला भासली नसावी. पणजीत कांपालचं मैदान होतं आणि वास्कोत टिळक मैदान. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक आणि खेळांचे शौकीन. १९७० साली बांदोडकर सुवर्णचषक सुरू झाला आणि देशातले नावाजलेले संघ गोव्यात येऊ लागले. कांपालच्या मैदानालाही आज त्यांचंच नाव आहे.

त्या काळातला प्रेक्षक आपल्या मैदानाशी बांधलेला राहिला, याचं एक कारण अगदी साधं आहे. मधे नदी होती. १९८३ पर्यंत जुवारीवर पूल नव्हता. पणजीहून मडगावला जायचं तर आगशीला फेरीबोटीत चढायचं आणि कुठ्ठाळीला उतरायचं. संध्याकाळचा सामना बघून त्याच वाटेने रात्री परतायचं म्हणजे फेरी गाठण्याची धडपड आलीच. मांडवीवरचा पूल झाला, तोही जुलै १९८६ मध्ये कोसळला. गोव्याचा नकाशा लहान दिसतो म्हणून बाहेरच्यांना इथलं उत्तर-दक्षिण भांडण पोरकट वाटतं. नकाशावर फेरीची रांग दिसत नाही.

जुवारीचा पूल झाल्यावरच अख्ख्या गोव्यासाठी मडगावात एक मोठं स्टेडियम, ही कल्पना व्यवहारात येण्याजोगी झाली. फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये सुरू झालं. ते नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. २५ ऑक्टोबर १९८९ रोजी नेहरू चषक स्पर्धेतला ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका हा एकदिवसीय क्रिकेट सामना इथे झाला. फुटबॉलवेड्या सासष्टीतलं, म्हणजे मडगावच्या तालुक्यातलं, हे मैदान सुरुवातीपासून फुटबॉल आणि क्रिकेट यांच्यात वाटलेलं होतं. पुढची वीसेक वर्षं अधूनमधून आंतरराष्ट्रीय क्रिकेटही तिथे होत राहिलं. ऑक्टोबर २०१० मधला भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने धुऊन नेला, त्यानंतर फातोर्डा फुटबॉलचा झाला तो झालाच.

पण फुटबॉलने ते मैदान त्याच्या कितीतरी आधी आपलंसं केलं होतं. १९८९-९० च्या हंगामात गोव्याने राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, तो याच मैदानावर, केरळला हरवून. घरच्या प्रेक्षकांसमोर मिळालेल्या त्या विजेतेपदाने फातोर्ड्याविरुद्धची कुरकुर बरीच दबली. संपली मात्र नाही. कांपाल आणि टिळक मैदानाची सवय असलेल्यांना नवं स्टेडियम लांब वाटलं. जुन्या मैदानांवर खेळ जवळून दिसायचा, गोलरक्षकाशी बोलता यायचं, मध्यंतरात ओळखीचे चार जण भेटायचे. सासष्टीच्या लोकांचं उत्तर ठरलेलं होतं: उत्तरेतल्या बार्देश-तिसवाडीकरांना सगळं आपल्या दारात हवं, आम्ही इतकी वर्षं पणजीला येत होतो तेव्हा कुणी विचारलं?

या वादाला एक सामाजिक किनारही आहे, ती टाळून चालणार नाही. फुटबॉल सासष्टीचा आणि ख्रिश्चनांचा, क्रिकेट उत्तरेतल्या मराठी वाचणाऱ्या हिंदूंचं, असा एक ठोकताळा गोव्यात बिनदिक्कत सांगितला जातो. फातोर्डा की उत्तर गोवा, या प्रश्नावर तो लगेच बाहेर येतो. खेळाचा इतिहास मात्र त्यात बसत नाही. भारताचे आणि गोव्याचे कर्णधार राहिलेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाचे. त्यांना १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. धेंपोच्या सुवर्णकाळाच्या बचावफळीत महेश गवळी आणि समीर नाईक होते. एफसी गोवाच्या पहिल्या हंगामांत डाव्या बगलेवरून धावणारा मंदार राव देसाईही याच मातीतला. त्यांना बघायला येणारे सगळे सासष्टीचे होते, असं मानायचं असेल तर मानावं.

राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर एक विचित्र चित्र तयार झालं. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग क्लब द गोवा या सगळ्यांचं घरचं मैदान एकच, फातोर्डा. धेंपो विरुद्ध चर्चिल सामन्यात यजमान कोण, हे फक्त कागदावर ठरायचं. आणि तरीही राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप असलेल्या आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदं, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, गोव्यातच राहिली: धेंपोला तीन, चर्चिलला दोन, साळगावकरला एक. स्वतःचं मैदान नसलेल्या क्लबांनी सलग सहा वर्षं देश जिंकला. प्रेक्षकसंख्या मात्र त्या तोलाची नव्हती. मला वाटतं, त्याचं मूळ याच सामायिक घरात आहे. वार्क्याहून उगवलेला चर्चिल आणि खाणकंपन्यांचे संघ एकाच छपराखाली खेळू लागल्यावर कुठल्याच गावाला, कुठल्याच शहराला हा संघ आपला असं ठामपणे म्हणता येईना.

मग घर बदलत राहिलं, प्रत्येक वेळी वेगळ्या निमित्ताने. जानेवारी २०१४ मधल्या पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी फातोर्ड्याचं नूतनीकरण निघालं आणि क्लब म्हापशाजवळच्या धुळेर मैदानावर गेले. उत्तरेतल्या चाहत्यांना हायसं वाटलं, तर दक्षिणेतल्यांना तिथलं कृत्रिम गवत बघवेना. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्यात झाले. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन तिथेच झालं. चर्चिलने आय-लीगचे सामने कधी फातोर्ड्यात, कधी टिळक मैदानावर, तर कधी राय इथल्या मैदानावर खेळले.

युरोपातल्या भांडणांचं मूळही बहुतेकदा जमिनीच्या मालकीतच सापडतं. एव्हर्टन १८९२ पर्यंत ॲनफिल्ड मैदानावर खेळत होता. जागेचा कारभार जॉन होल्डिंग या मद्य-व्यावसायिकाच्या हाती होता, तोच क्लबचा अध्यक्षही. भाड्यावरून बिनसलं, बहुसंख्य सभासद गुडिसनला निघून गेले आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा क्लब काढला. तोच लिव्हरपूल एफसी. कोमुनिदादीच्या जमिनीवरून पिढ्यानपिढ्या तंटे बघितलेल्या गोंयकाराला ही कथा परकी वाटायचं कारण नाही.

इंग्लंडमध्ये नव्या स्टेडियमांची लाट आली ती १९८९ च्या हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीनंतर. तिच्यात ९७ जणांचे प्राण गेले. तिच्या चौकशीच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना सगळ्या प्रेक्षकांसाठी बसण्याची सोय करायला लावली. उभं राहून बघण्याच्या जागा गेल्या, आसनसंख्या घटली, तिकिटं महागली. जुनी मैदानं दाट वस्तीत अडकलेली, तिथे वाढायला जागाच नव्हती. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडलं आणि हाकेच्या अंतरावर ६० हजारांचं स्टेडियम बांधलं. हायबरीच्या जागी आज सदनिका आहेत. वेस्ट हॅम २०१६ मध्ये ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये भाड्याने गेला. मैदानापासून लांब बसावं लागल्याचा राग साचत गेला आणि मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षक थेट मैदानात उतरले. उलट इटलीतल्या युव्हेंटसचं घ्या. धावपट्टीमुळे खेळ दूरवर दिसणारं जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी बांधलेल्या स्वतःच्या ४१ हजारांच्या स्टेडियममध्ये तो २०११ मध्ये गेला, तेव्हा चाहते खूश झाले. जागा कमी, पण जवळची. फातोर्डा की कांपाल या वादातल्या जुन्या मंडळींना हे उदाहरण आवडेल.

विम्बल्डन फुटबॉल क्लबची गोष्ट सर्वांत टोकाची. क्लब २००३ मध्ये लंडन सोडून मिल्टन कीन्सला गेला. त्याआधीच, २००२ मध्ये, या स्थलांतराला परवानगी मिळताच चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा आपला क्लब काढून अगदी खालच्या लीगमधून सुरुवात केली होती. २०२० मध्ये तो क्लब प्लाऊ लेन या जुन्याच रस्त्यावर नव्या मैदानात परतला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी घटना गोव्यात घडली नाही, ती घडली पुण्यात. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्याच्या चाहत्यांना मैदान बदलल्याची तक्रार करण्याचीही सोय राहिली नाही, कारण संघच गेला. त्याच हैदराबादने २० मार्च २०२२ रोजी केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, तीही फातोर्ड्यात. २०२५ मध्ये हा संघही हैदराबादहून दिल्लीला गेला.

एफसी गोवा २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा फातोर्ड्यावरून पडलेल्या फुटीला नवं वळण मिळालं. स्टेडियम भरू लागलं. पूर्वेकडच्या खालच्या गॅलरीत बसणाऱ्यांनी ईस्ट लोअर आर्मी हा चाहतागट उभा केला. स्टेडियमचा एक कोपरा इतका आपलासा करणं धेंपो-साळगावकरच्या काळात कुणाला जमलं नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये आयएसएलचा अंतिम सामना फातोर्ड्यातच झाला आणि चेन्नईयिनने तो ३-२ असा हिसकावला. त्याचं दुःख सबंध गोव्याने एकत्र केलं. दुसऱ्या बाजूला २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी आयएसएलला अव्वल ठरवणाऱ्या भारतीय फुटबॉलच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतलं. २०१२ च्या खाणबंदीनंतर खनिजाच्या पैशाचा ओघही आटला होता. जुन्या क्लबांशी इमान राखणारे तेव्हापासून फातोर्ड्याकडे परक्याचं घर म्हणून बघतात. कोविडच्या दोन हंगामांत आयएसएलचे बहुतेक सगळे सामने फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोत बंद दाराआड झाले. देशभरचे संघ गोव्यात राहत होते, आणि इथल्या माणसाला आपल्याच मैदानाबाहेर थांबून टीव्हीवर सामना बघावा लागत होता.

उत्तर गोव्यात फुटबॉलसाठी वेगळं मोठं स्टेडियम हवं, ही भाषा अधूनमधून निघते ती या सगळ्या साठ्यातून. फातोर्डावाल्यांचा मुद्दा पक्का आहे: आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने २०२१ मध्ये आणि सौदी अरेबियाचा अल नास्रसारखा संघ २०२५ मध्ये याच मैदानावर आला, मग दुसरं कशाला? जुवारीवर नवा रुंद पूलही झाला आहे. पण साडेसातचा सामना संपायला साडेनऊ होतात आणि गोव्यात त्या वेळेला बसची वाट बघणं म्हणजे काय, हे दुचाकी नसलेल्या कुणालाही विचारावं. वेगळं स्टेडियम मागणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार मडगावहून म्हापशाला जाणाऱ्या रात्रीच्या चार बसगाड्यांनी मिटेल, असा माझा कयास आहे. उरलेल्यांची मिटणार नाही. त्यांना फातोर्ड्यात पोचायचंच नाही, त्यांना त्यांचा धेंपो कांपालला खेळताना बघायचा आहे.