जागा आहे, तरी फाइल जात नाही? पेनड्राइव्ह खराब नसेल

३२ जीबीचा पेनड्राइव्ह, निम्म्याहून जास्त मोकळा, तरी लग्नाचा व्हिडिओ काही केल्या कॉपी होत नाही. लगेच निदान ठरलेलं: व्हायरस, नाहीतर ड्राइव्ह डुप्लिकेट. या समजापायी धडधाकट ड्राइव्ह कचऱ्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

छोट्या फाइली जातात आणि मोठीच अडते ना? मग आधी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये फॅट३२ (FAT32) लिहिलंय का बघा; ही ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत. या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच असतात, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी; मोकळी जागा कितीही असो.

फॅट३२ असेल, तर आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जातं. मग एक्सफॅट (exFAT) ही दुसरी पद्धत निवडून फॉरमॅट करा; तिच्यात ही ४ जीबीची अडचण येत नाही. विंडोज आणि मॅक, दोन्हींवर चालतं. काही जुन्या टीव्हींना मात्र एक्सफॅट वाचता येत नाही.