लाज वाटते म्हणजे व्यसन आहे का? सिनेमा आणि निदानाची पार्श्वभूमी

दारूवरचे सिनेमे सगळ्यांनी बघितलेत, ते सोडून देऊ. जुगार, सेक्स, गेमिंग यात शरीरात बाहेरून काहीच जात नाही, त्यामुळे याला व्यसन म्हणायचं की नाही यावरच कित्येक वर्षं गेली. जुगार 1980 ला डीएसएममध्ये, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये आला, पण चोरी करायची किंवा आग लावायची ऊर्मी न आवरणाऱ्यांच्या रांगेत. पडद्यावर मात्र 1974 मध्येच 'द गॅम्बलर' आला होता, शिकलासवरलेला प्रोफेसर आणि कर्जात बुडालेला.

खरी मजा 2011 नंतरची. त्या वर्षी 'शेम' आला, अमेरिकेत त्याला एनसी-17 रेटिंग, म्हणजे 17 किंवा त्याखालच्यांना थिएटरात एंट्रीच नाही. हिरोची नोकरी चांगली, घर चकाचक, आणि सेक्सचा नाद असा की ऑफिसचा कॉम्प्युटरही त्यातच. बहिणीसमोर उघडा पडल्यावर तो सगळं कचऱ्याच्या पिशव्यांत भरून फेकतो. पण जिच्याबद्दल खरंच काहीतरी वाटतं तिच्यासोबत त्याला काहीच जमत नाही, आणि माझ्या मते अख्खा सिनेमा त्या एका सीनमध्ये आहे. असं का झालं ते दिग्दर्शक सांगत नाही, बरं करतो.

त्याच सुमारास डीएसएमची पाचवी आवृत्ती तयार होत होती आणि अतिलैंगिकतेला वेगळा विकार म्हणून घ्यायचं की नाही यावर जोरात वाद चालू होता. विरोधक म्हणत होते पुरावा पुरेसा नाही, उद्या गुन्हेगार कोर्टात याचीच ढाल करतील, आणि कुणाच्या नैतिकतेत बसत नाही म्हणून माणसाला आजारी ठरवायचं का. बाजूने बोलणारे म्हणत होते पेशंट तर समोर बसलाय, त्याला काय सांगू. 2013 ला आवृत्ती आली तेव्हा जुगार सरळ दारू-ड्रग्जच्या प्रकरणात, गेमिंग 'अजून अभ्यास हवा' या यादीत आणि सेक्स बाहेर. मला हा निर्णय जरा घाबरटपणाचाच वाटतो, पण मुद्दे अगदीच पोकळ नव्हते. 'शेम'वरही तीच नैतिकतेची टीका झाली, हिरोची अधोगती दाखवायला त्याला गे क्लबमध्ये कशाला पाठवलं?

2019 ला मंजूर होऊन 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, मधला मार्ग काढला. गेमिंग व्यसनांत गेलं, अनावर लैंगिक वर्तन आलं खरं पण व्यसन म्हणून नाही, आणि सोबत एक अट टाकली की त्रास फक्त नैतिक अपराधीपणामुळे होत असेल तर तेवढ्यावर निदान करायचं नाही. म्हणजे नुसती लाज हा पुरावा नाही.

2019 चाच 'अनकट जेम्स' हा सिनेमा 'शेम'च्या अगदी उलट टोकाला आहे, त्यातला जुगारी हरला की परत लावतो, घरी खोटं बोलतो, दुसऱ्याची अंगठी गहाण टाकतो, जुगाराचे निकष एकामागोमाग एक टिक होत जातात आणि लाज मात्र पठ्ठ्याच्या गावीही नसते.