अर्थसूचक आद्यध्वनी, इंग्रजी भाषेतील

अर्थसूचक आद्यध्वनी : सुरुवातीचे दोन-तीन ध्वनी सारखे असलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थही काही गटांत एकमेकांजवळ येतात. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिंट, ग्लेअर हे शब्द प्रकाशाशी किंवा चकाकीशी निगडित आहेत. स्निफ, स्नॉर्ट, स्नोअर, स्नॉट, स्नाउट, स्नीझ हे नाकाशी. अशा ध्वनिगुच्छाला ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘अर्थसूचक आद्यध्वनी’ असा शब्दप्रयोग केला आहे.

ही संकल्पना दोन जवळच्या संकल्पनांपासून वेगळी ठेवावी लागते. अन-, री-, प्री- यांसारखे उपसर्ग काढून टाकले तरी मागे अर्थपूर्ण शब्द उरतो. ‘ग्लीम’मधून ‘ग्ल’ काढला तर उरलेल्या ‘ईम’ला काहीच अर्थ नाही. दुसरी संकल्पना अनुकरणवाचक शब्दांची. ‘क्रॅश’ किंवा ‘स्नॉर्ट’ यांत ऐकू येणाऱ्या आवाजाची नक्कल आहे असे म्हणता येते, पण प्रकाशाला आवाज नसतो. त्यामुळे या विषयात ‘ग्ल’ गटाला विशेष महत्त्व आले आहे.

आद्याक्षरे आणि आद्यध्वनी यांत गल्लत होऊ देऊ नये. रिंग (पिळणे), रेंच, रेसल, रिस्ट, राय (वाकडा), रीथ या शब्दांचे स्पेलिंग डब्ल्यू-आर या अक्षरांनी सुरू होते आणि सर्वांत पीळ, वळण किंवा वाकडेपणा यांची छटा आहे. यातील ‘व’चा उच्चार साधारणपणे सतराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीतून लोपला. आज हा गट कानाला जाणवत नाही, फक्त डोळ्यांना दिसतो. ‘व’सह उच्चारले जाणारे मूळ रूप बहुधा ‘वळणे’ या अर्थाच्या इंडो-यूरोपीय धातूच्या कुळातले असावे. संस्कृत ‘वृत्’ धातू आणि त्यावरून आलेले वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे आपले शब्द त्याच कुळातले मानतात. मात्र ‘राइट’ (लिहिणे) हा शब्द याच अक्षरांनी सुरू होत असला, तरी त्याचा जुना अर्थ ‘ओरखडणे, कोरणे’ असा होता. त्याला ओढूनताणून या गटात बसवू नये.

विचाराचा इतिहास : ध्वनी आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक की सांकेतिक, हा वाद प्राचीन आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात (काळ अनिश्चित, सामान्यतः इ. स. पू. सातवे ते पाचवे शतक) ‘काक’ हे नाव आवाजाच्या अनुकरणातून आले, पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ आढळते, असे म्हटले आहे. लगेच पुढे, अनुकरण असे काही नसतेच, हे औपमन्यवांचे मतही नोंदवले आहे. पुढे मीमांसकांनी शब्द-अर्थाचे नाते नित्य मानले, नैयायिकांनी सांकेतिक. प्लेटोच्या क्रॅटिलस या संवादात सॉक्रेटिस ‘र’मध्ये गती आणि ‘ल’मध्ये घसरण पाहतो. इतकेच नव्हे, तर ‘ल’ची घसरण ‘ग’ अडवतो म्हणून ‘ग्ल’ने सुरू होणारे ग्रीक शब्द चिकट, गोड, बुळबुळीत अशा अर्थांचे आहेत, असे तो सुचवतो. म्हणजे आज इंग्रजीत प्रकाश सुचवणारा गुच्छ ग्रीकमध्ये चिकटपणा सुचवणारा ठरवला गेला होता. हा गुच्छ कोणत्याही भाषेत मुळातच प्रकाशवाचक आहे, या मताला हे एकच उदाहरण पुरेसा धक्का देते.

इंग्रजीपुरते पाहिल्यास पहिली पद्धतशीर मांडणी जॉन वॉलिस यांची. ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक असलेले आणि अनंताचे ∞ हे चिन्ह रूढ करणारे हे गणिती. इ. स. 1653 मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘स्ट्र’ म्हणजे जोर (स्ट्राँग, स्ट्राइव्ह, स्ट्राइक), ‘थ्र’ म्हणजे जोराची हालचाल (थ्रो, थ्रस्ट) आणि डब्ल्यू-आर म्हणजे तिरकेपणा किंवा पीळ अशा जोड्या दिल्या. गणितज्ञाची वर्गीकरणाची सवय तेथे दिसते. अपवादांची दखल मात्र फारशी नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी जर्मन भाषेतील ‘श्ट’ने सुरू होणाऱ्या, स्थैर्यवाचक शब्दांकडे लक्ष वेधले.

1916 मध्ये स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने मरणोत्तर प्रसिद्ध झाली आणि ‘चिन्ह यादृच्छिक असते’, म्हणजे शब्दाचा ध्वनी व अर्थ यांत स्वाभाविक नाते नसते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. त्यांचे एक उदाहरण येथे अगदी प्रस्तुत आहे. फ्रेंच ‘ग्ला’ (मृत्युघंटेचा नाद) हा शब्द ऐकताच घंटा वाजल्यासारखे वाटते. पण तो लॅटिन ‘क्लासिकुम’ (तुतारीचा इशारा) या शब्दापासून झिजून आला आहे. नादाचा भास हा ध्वनिबदलाचा योगायोग आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तो ‘ग्ला’पुरता बिनतोड आहे. मात्र एकेका शब्दाला लागू पडणारा हा युक्तिवाद शब्दांच्या संपूर्ण गटाला तसाच लागू पडतो का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

फर्थ हे 1920च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1930च्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी ‘स्ल’ने सुरू होणारे स्लॅक, स्लश, स्लाइम, स्लग, स्लाय, स्लो, स्लॉथ, स्लम्प असे अनेक शब्द एकत्र मांडले. त्यांच्या मते ‘स्ल’ या ध्वनींत निसर्गतः काही नाही; सारख्या प्रसंगी सारखे ध्वनी पुन्हा पुन्हा वापरल्याने बोलणाऱ्यांना ती सवय जडते. 1933 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी ‘फ्ल’ हलत्या प्रकाशासाठी (फ्लॅश, फ्लेअर, फ्लिकर), तर ‘ग्ल’ स्थिर प्रकाशासाठी, असा बारीक भेद केला. तो आकर्षक असला तरी काटेकोर नाही; ‘ग्लिटर’ आणि ‘ग्लिमर’मधला प्रकाश स्थिर नसतो.

‘ग्ल’ गटाची घडण : या गटाचा गाभा वारशाने आलेला आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. चमकणे, पिवळसर वा हिरवट असणे या अर्थाचा, ‘घेल्’ असा पुनर्रचित केलेला, इंडो-यूरोपीय धातू मानला जातो. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन इत्यादी भाषांचे कुळ) त्यातील महाप्राण ‘घ’चा ‘ग’ झाला. ग्लो, ग्लीम, ग्लास हे शब्द प्राचीन इंग्रजीत होतेच. ‘ग्लॅड’चाही जुना अर्थ तेजस्वी, चकचकीत असा होता, आनंदी हा अर्थ त्यातून आला. गोल्ड आणि येलो यांचे मूळही तेच समजतात, आणि संस्कृतातील हरि, हरित, हिरण्य हे शब्द याच धातूशी जोडले जातात. संस्कृतात ‘घ’चे ‘ह’ झाल्याने आणि मूळ ‘ल’च्या जागी ‘र’ आल्याने साम्य चटकन दिसत नाही. सर्व ‘ग्ल’ शब्दांना एकाच धातूत कोंबण्याची जुन्या कोशांची प्रवृत्ती मात्र जपून स्वीकारावी.

अधिक उद्बोधक आहेत ते बाहेरून येऊन या गटात सामील झालेले शब्द. ‘ग्लिटर’ मध्ययुगात प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेकडून आला. ‘ग्लान्स’चा आधीचा अर्थ घासून जाणे, निसटता आघात होणे असा होता, ‘ओझरता दृष्टिक्षेप’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. ‘ग्लूम’ हे आरंभी कपाळाला आठ्या घालून पाहण्याचे क्रियापद होते. अंधार हा अर्थ सतराव्या शतकातला. अंधार हाही प्रकाशाच्याच क्षेत्रातला, म्हणून ब्लूमफील्डनी त्याला याच यादीत ठेवले.

सर्वांत बोलके उदाहरण ‘ग्लॅमर’चे आहे. हा शब्द ‘ग्रॅमर’ (व्याकरण) याचेच स्कॉटिश रूपांतर आहे. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिनची विद्या, आणि सामान्य माणसाच्या लेखी लॅटिनची विद्या म्हणजे गूढविद्या. त्यातून ‘मंत्राने घातलेली भुरळ’ हा अर्थ निघाला. स्कॉटलंडमध्ये ‘ग्र’चे ‘ग्ल’ झाले. अठराव्या शतकात हे रूप लिखाणात आढळते आणि सर वॉल्टर स्कॉट यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात ते सर्वत्र पसरले. पुढे जादूचा अर्थ मागे पडून झगमगाट, डोळे दिपवणारे आकर्षण हा अर्थ प्रबळ झाला. ग्लीम-ग्लिटरच्या शेजारामुळेच तो त्या बाजूला ओढला गेला असावा. याचा लेखी पुरावा देता येत नाही, तरी अर्थबदलाची दिशा त्याला अनुकूल आहे.

या गटाबाहेरचे ‘ग्ल’ शब्दही थोडे नाहीत : ग्लव्ह, ग्लू, ग्लँड, ग्लोब, ग्लुकोज. ‘ग्लॉस’ हे एकच रूप दोन्हीकडे आहे. चकाकी या अर्थाचा शब्द बहुधा जर्मानिक. टीप किंवा शब्दार्थ या अर्थाचा शब्द ग्रीक ‘ग्लोस्सा’ (जीभ) यापासून लॅटिनमार्गे आलेला.

‘स्न’ गट आणि ‘स्नीझ’चा प्रश्न : शिंकणे या अर्थाचा प्राचीन इंग्रजी शब्द ‘फ्न’ने सुरू होत असे. तो आणि ग्रीक ‘प्नेउमा’ (श्वास) हे एकाच मुळाचे आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या काव्यातही ‘फ्न’चे रूप आहे. त्यानंतर ‘फ्न’ने सुरू होणारे शब्द इंग्रजीतून नाहीसे झाले आणि शिंकेचा शब्द ‘स्न’ने सुरू होऊ लागला. हे कसे घडले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले हस्तलिखितांचे : त्या काळचा लांब ‘एस’ (ſ) आणि ‘एफ’ यांत केवळ मधल्या आडव्या रेघेचा फरक असे, त्यामुळे नकलकारांनी व मुद्रकांनी ‘फ्न’ला ‘स्न’ वाचले. दुसरे स्पष्टीकरण असे की ‘फ्न’चे कुटुंब उरले नव्हते, आणि नाकाशी संबंधित स्नाउट, स्नॉट यांसारखे शब्द आधीपासून नांदत होते, त्यांच्या ओढीने रूप बदलले.

वाचनातील चूक अशक्य नाही, पण ती एकटी पुरेशी वाटत नाही. शिंकेसारखा रोजचा शब्द लोक पोथीतून शिकत नाहीत. चुकीचे वाचलेले रूप जिभेवर रुळण्यासाठी त्याला आधार लागतो, आणि तो ‘स्न’ गटाने दिला असावा. ‘फ’ नुसता गळून पडल्यानेही भागले असते. ‘नीझ’ हे तसे रूप प्रचारात होतेच. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोबाच्या ग्रंथात ‘नीसिंग्ज’ हा शब्द आहे. दोन रूपांपैकी ‘स्न’चे रूप टिकले, हे आकर्षणाच्या बाजूचे गमक मानता येईल.

स्नेक, स्नेल, स्नीक या सरपटण्या-दबकण्याच्या शब्दांचा ब्लूमफील्डनी वेगळा ‘स्न’ गट मानला आहे. स्नो (बर्फ) कोणत्याच गटात बसत नाही.

व्याकरणातील स्थान : ‘ग्ल’ला रूपिम (अर्थ असलेला लघुतम घटक) मानावे काय? ब्लूमफील्ड यांनी अशा ध्वनींना मूळ घडवणारे रूपिम मानले. आक्षेप असा की शब्दाचे रूपिमांत विभाजन करताना काही शिल्लक राहता कामा नये, आणि येथे ‘-ईम’, ‘-इंट’ शिल्लक राहतात. ड्वाइट बोलिंजर यांनी 1950 मध्ये शब्दांताच्या बाजूनेही पाहिले : ग्लेअर, फ्लेअर, ब्लेअर यांतील अंत्य भाग समान आहे, तसाच बंप, डंप, थंप यांतील. आरंभ आणि अंत अशा दोन्ही गटांच्या छेदावर शब्द उभा असतो, असे त्यातून दिसते. आज बहुतेक अभ्यासक फोनेस्थीमला पूर्ण रूपिम मानत नाहीत. कमी-अधिक दाट असा शब्दसमूह मानतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण अपवादांनी ते मोडत नाही.

प्रायोगिक पुरावा : बेंजामिन बर्गेन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना आधी एक शब्द क्षणभर दाखवून मग दुसरा दाखवला आणि तो खरा इंग्रजी शब्द आहे का, हे विचारले. ‘ग्लिटर’नंतर ‘ग्लो’ आला की उत्तर लवकर मिळे. केवळ ध्वनी सारखे किंवा केवळ अर्थ जवळचे असलेल्या जोड्यांत तितका लाभ दिसला नाही. ध्वनी व अर्थ दोन्ही जुळतात पण भाषेत तसा मोठा गट नाही, अशा जोड्यांतही तो नव्हता. त्यांनीच दिलेल्या मोजणीनुसार ब्राउन संचयातील (इंग्रजी लेखनाचा अभ्यासासाठी केलेला संग्रह) ‘ग्ल’ने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी सुमारे 39 टक्के शब्द प्रकाश वा दृष्टीशी संबंधित आहेत, प्रत्यक्ष वापर मोजला तर हे प्रमाण सुमारे 60 टक्के होते. फर्थ यांच्या ‘सवयी’च्या कल्पनेला याने बळ मिळाले.

जगातील भाषांशी तुलना करता चित्र गटागणिक बदलते. ‘ग्ल’चा प्रकाशाशी संबंध हा मुख्यतः जर्मानिक शाखेचा विशेष आहे. ‘स्न’मधील ‘न’ची गोष्ट निराळी. दामियान ब्लासी व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हजारो भाषांतील मूलभूत शब्दांची तुलना केली. तीत ‘नाक’ या अर्थाच्या शब्दांत ‘न’ आणि ‘जीभ’ या अर्थाच्या शब्दांत ‘ल’ अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळला. ‘न’ उच्चारताना श्वास नाकावाटेच बाहेर पडतो. त्यापुढे जोडलेला ‘स’ मात्र जगभरच्या या प्रवृत्तीचा भाग नाही, तो इंग्रजी व तिच्या भगिनीभाषांचा आहे.