पट्टे बघू नका, खवले मोजा

ठाणे-नवी मुंबईतल्या ॲक्वेरियमच्या दुकानांत ‘आल्टम एंजल’ अशी चिठ्ठी लावलेल्या टाक्या हल्ली दिसतात. आल्टम ही एंजल माशाची एक जात. साध्या एंजलपेक्षा तिची किंमत कितीतरी जास्त. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘पट्टे बघा ना साहेब, किती गडद आहेत!’ वाशीतल्या एका दुकानात अशीच चिठ्ठी असलेली टाकी पाहिली. आतले मासे सुंदर होते, पण आल्टम नव्हते. पट्ट्यांवरून जात ठरवणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. आपल्या बाजारातली चिलापी आणि कोकणातल्या खाड्यांमधला काळुंदरही याच कुळातले. बहुतेक माशांना तोंडाच्या प्रत्येक बाजूला नाकपुडीची दोन भोकं असतात, सिक्लिडला एकच. टाकीच्या काचेला डोळा लावून बघा, सहज दिसतं. पण कुळ ओळखणं सोपं, जात ओळखणं अवघड. दक्षिण अमेरिकेत एंजलच्या तीन जाती मानल्या जातात : स्केलेअर (१८२३; दुकानातला साधा एंजल बहुतेक हाच), आल्टम (१९०३) आणि लिओपोल्डी (१९६३). कंसातलं वर्ष त्या त्या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं ते.

आता पट्ट्यांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. माशाच्या कातडीत मेलॅनोफोर नावाच्या रंगपेशी असतात. प्रत्येक पेशीत मेलॅनिनचे काळे कण असतात आणि केंद्रापासून कडेपर्यंत अतिसूक्ष्म नळ्यांचे रूळ पसरलेले असतात. या रुळांवरून कण वाहून नेणारी प्रथिनं दोन प्रकारची. कायनेसिन कणांना कडेकडे नेतं, डायनीन त्यांना केंद्राकडे ओढतं. कण पसरले की पेशी काळी दिसते. मध्यभागी गोळा झाले की तिथली कातडी फिकी पडते. छत्री उघडावी-मिटावी तसं. कापड तेवढंच, झाकलेली जागा कमी-जास्त. हुकूम येतो मज्जातंतूंकडून. तंतूच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिन सुटलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी हे रसायन कमी होतं आणि कण आत ओढले जातात. ते रसायन वाढलं की कण पुन्हा कडेपर्यंत पसरतात. शिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारं एक संप्रेरकही कण पसरवतं, पण ते रक्तातून येत असल्याने काम सावकाश. मज्जातंतूचा हुकूम मात्र बघता बघता पोचतो. म्हणून रात्री दिवा लावलात तर एंजलचे पट्टे पुसट दिसतात, भांडणात गडद होतात, नव्या टाकीत सोडल्यावर पार बदलतात. पट्टा कुठे उमटणार ती जागा ठरलेली आहे. किती उमटणार ते त्या घटकेच्या मनःस्थितीवर आणि उजेडावर. असल्या खुणेवर जादा पैसे मोजायचे का?

मग बघायचं काय? जे बदलत नाही ते. मासा वाढतो तेव्हा खवले मोठे होतात, त्यांची संख्या वाढत नाही. लहानपणी एकदा ओळ भरली की ती आयुष्यभर तेवढीच. मोबाइलवर माशाचा अगदी बाजूने फोटो काढा, मोठा करा, कल्ल्याच्या मागून शेपटीच्या बुडापर्यंत एक आडवी ओळ मोजा. लिओपोल्डीत ती ३०च्या आत भरते, स्केलेअरमध्ये ३० ते ४०च्या दरम्यान, आल्टममध्ये ४५च्या वर जाते. अंडी-पिल्लांच्या वेळचं पाणी गरम की थंड, यावर एक-दोन खवल्यांचा फरक पडू शकतो. म्हणूनच शास्त्रज्ञ एक मासा मोजून थांबत नाहीत, अनेक मोजून मर्यादा देतात.

दुसरी खूण बाह्यरेषेची. मोठ्या आल्टमच्या तोंडाच्या वर, कपाळ सुरू होतं तिथे, स्पष्ट खाच असते. स्केलेअरमध्ये तिथे हलका उतार असतो, तर लिओपोल्डीचं कपाळ जवळजवळ सरळ रेषेत चढतं आणि पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो. पेरू देशातला म्हणून ‘पेरू आल्टम’ या नावाने विकला जातो तो मासा स्केलेअरच. खरा आल्टम ओरिनोको आणि रिओ निग्रो या नद्यांच्या वरच्या पट्ट्यातला.

रॅम या दुसऱ्या छोट्या सिक्लिडच्याही दोन जाती दुकानात मिळतात. निळा रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातला, बोलिव्हियन रॅम बोलिव्हिया-ब्राझीलमधला. बोलिव्हियन आकाराने मोठा आणि त्याच्या शेपटीची वरची-खालची कड लालसर असते.

फ्लॉवरहॉर्नला मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण तो कुठल्याही नदीतला मासा नाही. १९९०च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडच्या संकरातून तो तयार झाला. त्याच्या कुशीवरच्या डागांत आकडे आणि अक्षरं वाचून, घरात लक्ष्मी येईल म्हणून लोक हजारो रुपये ओततात. ते डागही वर सांगितलेल्या मेलॅनोफोर पेशींचेच. माशाच्या कातडीतल्या पेशींना तुमचं बँकखातं ठाऊक नसतं, आणि जो विक्रेता वास्तुदोषावर मासा सुचवतो तो सरळ सरळ फसवतो आहे.

रुपयाच्या नाण्याएवढ्या पिल्लावर ‘आल्टम’ची चिठ्ठी असेल तर जास्त सावध राहा. त्या वयात कपाळाची खाच नीट उमटलेली नसते आणि खवले इतके बारीक असतात की मोजता येत नाहीत. तेव्हा दुकानदाराला एकच विचारा : मासे नदीतून पकडून आणलेले की फार्मवर वाढवलेले? आल्टमची पैदास टाकीत फार क्वचित जमते. फार्मचे असतील तर ते स्केलेअर असण्याचीच शक्यता जास्त, आणि किंमतही स्केलेअरचीच द्यावी.