जवाची ओंबी आणि हिब्रू महिने

जेरुसलेमच्या पश्चिमेला गेझेर नावाचं प्राचीन नगर होतं. तिथल्या उत्खननात १९०८ साली पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांना तळहातावर मावेल एवढा चुनखडीचा तुकडा मिळाला. तो इ.स.पू. दहाव्या शतकातला मानतात. त्यावर वर्षाचे बारा महिने कोरलेत, पण एकाही महिन्याला नाव नाही, आहे ते फक्त काम. दोन महिने पीक घरी आणायचे, दोन पेरणीचे, दोन मागास पेरणीचे, एक जवस काढायचा, एक जव कापायचा, एक कापणी आणि मापणीचा, दोन द्राक्षवेलींचे, एक उन्हाळी फळांचा. वर्ष म्हणजे शेतातली कामं, एवढा साधा हिशेब.

हे वाचताना आपला मृग-आर्द्रांचा क्रम बाजूला ठेवावा लागतो. तिथे उन्हाळा ठणठणीत कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पहिल्या पावसाला ‘योरे’ म्हणतात. त्यावर पेरणी होते. वसंतातल्या शेवटच्या पावसाला ‘मल्कोश’ म्हणतात. त्यावर दाणा भरतो. आधी जव कापणीला येतो, मग गहू.

ज्यूंच्या हिब्रू पंचांगात आज वापरात असलेली निसान, इयार, सिवान, तम्मूझ ही नावं मात्र या मातीतली नाहीत. ती बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतताना लोकांनी सोबत आणली, असं जेरुसलेमचा तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मशास्त्रग्रंथच सांगतो. त्याआधीच्या नावांपैकी चारच बायबलमध्ये उरलीत, आणि त्यांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘अवीव’. अवीव म्हणजे जवाची हिरवी, भरत आलेली ओंबी; या महिन्यालाच आता निसान म्हणतात. तेल अवीव शहराच्या नावात तोच शब्द आहे.

सगळं गणित या ओंबीवर उभं होतं. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सौर वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. तसंच चालू दिलं तर वल्हांडण, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा ज्यू सण, ऋतूंमधून फिरत राहील, रमजान फिरतो तसा. पण वल्हांडण अवीवच्या महिन्यातच पाळायचा, अशी आज्ञा आहे, आणि त्याच सणात नव्या जवाची पेंढी जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण करायची असे. जव तयार नसेल तर पेंढी आणायची कुठून? म्हणून ज्यू धर्मपंडितांची न्यायसभा तीन गोष्टी पाहायची: जव, झाडांची फळं आणि सूर्याची गती. दोन मागे असतील तर वर्षात एक महिना वाढवायचा. या सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी दूरदेशीच्या बांधवांना धाडलेलं पत्र तालमूदमध्ये आहे. त्यात ते कळवतात की पारव्यांची पिल्लं अजून कोवळी आहेत, कोकरं लहान आहेत, धान्य पिकलेलं नाही, म्हणून वर्षात तीस दिवस वाढवले आहेत. कालगणनेचा इतका जिवंत कागद मी दुसरा वाचलेला नाही.

पुढे शेतं पाहून ठरवणं थांबलं आणि १९ वर्षांत ७ अधिक महिने हे ठरीव गणित आलं. परंपरा त्याचं श्रेय चौथ्या शतकातल्या दुसऱ्या हिल्लेल यांना देते. आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना लागतो, तिथे तो नेहमी अदार, म्हणजे निसानच्या आधीचा महिनाच असतो, कारण निसान लागण्यापूर्वी वेळ भरून काढायची असते.

दोन्ही पंचांगं चंद्राला धरून सूर्याशी मेळ घालतात, त्यामुळे पौर्णिमा बऱ्याचदा जुळतात. २०२४ आणि २०२५ मध्ये वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या, तर पीक घरी आल्याचा मांडवांचा सण कोजागिरीच्या आसपास आला. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाने हे जुळणं आपल्या मराठीतच नोंदवून ठेवलं. त्यांच्याकडे अदारमधला पुरीम सण हा ‘होळीचा सण’ होता आणि वर्षारंभ ‘नव्याचा सण’. तिश्री (सप्टेंबर-ऑक्टोबर) महिन्यातल्या ‘खिरीच्या सणाला’ नव्या पिकाची खीर होई. अव महिन्यातला मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस साधारण श्रावणाच्या सुमारास येतो. त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढत, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’.