इंग्लंडच्या खेड्यातला पोलीस : आला कसा, गेला कसा

इंग्लंडमध्ये घर घ्यायचं ठरलं की बरेच लोक पोलिसांच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकतात आणि त्या परिसरात गेल्या महिन्यात काय काय घडलं ते बघतात. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी कुटुंबंही बघतात. शहराचा पोस्टकोड असेल तर नकाशा ठिपक्यांनी भरून जातो. लहान खेड्याचा असेल तर दोन-चार ठिपके, एखाद्या महिन्यात एकही नाही. गाव सुरक्षित आहे असं मानून माणूस पुढच्या कामाला लागतो.

हा समज चुकीचा नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागात गुन्ह्यांचं प्रमाण शहरांपेक्षा कमी आहे आणि वर्षानुवर्षं तसंच आहे. तरीही याच खेड्यांतून पोलिसांविषयी नाराजी सतत ऐकू येते : फोन केला तर कोणी येत नाही, आमच्या भागाचा पोलीस कोण हेच माहीत नाही. कमी गुन्हे आणि एवढी नाराजी हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे आकड्यांतून उलगडत नाही. त्यासाठी खेड्यात पोलीस कसा आला आणि कसा गेला ते बघावं लागतं.

पोलीस नव्हता तेव्हा राखण गावानेच करायची होती. १२८५ मध्ये राजा पहिल्या एडवर्डने विंचेस्टरचा कायदा केला. त्यानुसार चोर दिसला की आरोळी ठोकायची आणि आरोळी ऐकणाऱ्या प्रत्येकाने पाठलागाला निघायचं. १५ ते ६० वयाच्या पुरुषांनी ऐपतीप्रमाणे घरात शस्त्र ठेवायचं. बाजारपेठांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची झाडी दोनशे फुटांपर्यंत साफ ठेवायची, म्हणजे दरोडेखोराला लपायला जागा राहणार नाही. दरोडेखोर सापडला नाही, तर नुकसानभरपाई त्या भागातल्या गावांच्या गटाने द्यायची. या सगळ्याची देखरेख करणारा पॅरिश कॉन्स्टेबल गावातलाच एखादा शेतकरी किंवा कारागीर असे. वर्षभरासाठी नेमलेला, बिनपगारी, आणि बहुतेक वेळा नाइलाजाने काम करणारा.

ही व्यवस्था पाचशे वर्षांहून जास्त टिकली. पण गुन्हा कशाला म्हणायचं यावर गाव आणि जमीनदार यांचं एकमत कधीच नव्हतं. सशाची किंवा हरणाची चोरटी शिकार गावाच्या लेखी पोट भरण्याचा मार्ग होता, कायद्याच्या लेखी अपराध. तोंडाला काळं फासून हरणं मारणाऱ्या टोळ्यांच्या निमित्ताने १७२३ मध्ये जो कायदा आला, त्याने पन्नासहून जास्त कृत्यांना फाशीची शिक्षा ठेवली. असल्या कायद्याखाली शेजाऱ्याच्या पोराला पकडून द्यायला गावचा बिनपगारी कॉन्स्टेबल तयार नसे, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही.

१८३० च्या उन्हाळ्याअखेर केंटमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली. मळणी हे त्यांचं हिवाळ्याचं काम, आणि यंत्रांनी तेच हिरावलं होतं. गवताच्या गंजी पेटल्या, जमीनदारांना धमकीची पत्रं गेली, आणि काही महिन्यांत हा वणवा दक्षिण आणि पूर्व इंग्लंडभर पसरला. १९ जणांना फाशी झाली, सुमारे पाचशे जणांची रवानगी ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत झाली. लंडनला १८२९ पासून पगारी पोलीस होते, खेड्यांना नव्हते. १८३९ च्या कायद्याने कौंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, हवं असल्यास पोलीस दल उभारायची मुभा दिली आणि विल्टशायरने सर्वांत आधी ते उभारलं. पण कर वाढेल म्हणून कित्येक कौंट्यांनी टाळाटाळ केली. अखेर १८५६ मध्ये सक्ती झाली. दल कार्यक्षम असल्याचं सरकारी निरीक्षकाने प्रमाणित केलं की एक चतुर्थांश खर्च सरकार देऊ लागलं.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतःच्या देशात गावचा बिनपगारी कॉन्स्टेबल मोडीत काढणाऱ्या याच ब्रिटिश सत्तेने १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने आपल्याकडे मात्र पाटलाकडचं पोलिसी काम कायद्यात बसवून पुढे चालू ठेवलं. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातला पोलीस पाटील त्याच वाटेने आलेला आहे. इंग्लंडमधल्या खेड्यात त्याच्या तोडीचं पद उरलं नाही. तिथे गावाची भिस्त बाहेरून आलेल्या पगारी शिपायावर राहिली.

हा शिपाई गावात सरकारी घरात राहायचा. शक्यतो त्याला त्याच्या मूळ गावी नेमत नसत. तो पायी, पुढे सायकलवर फिरायचा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या चौकात त्याचा सार्जंट त्याला गाठायचा. चोऱ्या थोड्याच. बाकीचा वेळ हरवलेली गुरं, मेंढ्यांना औषधी पाण्यात बुडवण्यावर देखरेख, जनावरांच्या ने-आणीचे परवाने आणि पबमधल्या मारामाऱ्या यांत जायचा. तो फेरीवर असला की दार उघडून तक्रार लिहून घेणारी त्याची बायको. तिला त्या कामाचा पगार नव्हता. कोणाच्या घरी भांडणं आहेत, कोणता पोरगा रात्री कुठे असतो, हे या जोडप्याला ठाऊक असे. आज ज्या पोलिसाची आठवण काढून लोक हळहळतात तो हाच.

ती हळहळ मला समजते, पण तिच्याबरोबर ग्रेट वायर्ली या गावाची हकिगतही सांगायला हवी, कारण तिची एक मुळी मुंबईत आहे. स्टॅफर्डशायरमधलं कोळशाच्या खाणींचं हे गाव. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईतच ख्रिस्ती झालेले शापुरजी एदलजी १८७० च्या दशकात तिथल्या चर्चचे धर्मगुरू झाले आणि १९१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. पत्नी इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर. १८९० च्या दशकात या घराला निनावी धमकीपत्रं येऊ लागली. तक्रार पोलिसांकडे गेली, तेव्हा कौंटीचे चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलीसप्रमुख, कॅप्टन अ‍ॅन्सन यांनी संशय घेतला तो जॉर्जवरच, म्हणजे ज्या घराला त्रास होत होता त्याच घरातल्या मुलावर.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून गावात रात्री घोडे, गाई, मेंढ्यांची पोटं चिरलेली सापडू लागली. ऑगस्टमध्ये खाणीच्या एका तट्टाची अशीच गत झाली आणि त्याच दिवशी जॉर्जला अटक झाली. बाप-लेक एकाच खोलीत झोपायचे आणि खोलीला आतून कुलूप असायचं, ही वडिलांची साक्ष न्यायालयाने मानली नाही. मानलं ते एका हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत. याच तज्ज्ञाने आधी अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या निरपराध माणसाच्या खटल्यातही चुकीची साक्ष दिली होती. जॉर्जला सात वर्षं सक्तमजुरी झाली. तो तुरुंगात असतानाही जनावरांवरचे हल्ले थांबले नाहीत.

सुमारे दहा हजार लोकांनी त्याच्यासाठी अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कसलंही कारण न देता त्याला सोडलं. पुढच्या जानेवारीत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून प्रकरण ऐरणीवर आणलं. जॉर्जला भेटायला गेले तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून तिरक्या नजरेने वाचत होता. ज्याला हातभरापलीकडचं धड दिसत नाही, त्याने अंधाऱ्या रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणं ओलांडून जनावर कसं गाठलं, असा डॉयल यांचा साधा प्रश्न होता. मे १९०७ मध्ये सरकारने जनावरांच्या आरोपातून माफी दिली, पण काही पत्रं त्यानेच लिहिली असावीत असं म्हणत भरपाई नाकारली. त्याच वर्षी फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. त्यामागे बेक आणि एदलजी या दोन्ही प्रकरणांचा दबाव होता. १९३४ मध्ये दुसऱ्याच एका माणसाने त्यातली काही पत्रं लिहिल्याची कबुली दिली. जनावरं कोणी मारली हे कधीच सिद्ध झालं नाही.

ग्रेट वायर्लीत पोलीस होते, गावाची माहितीही होती. तिथे कमी पडली ती न्यायबुद्धी. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात वेगळ्या वर्णाचं एकच कुटुंब असेल, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. गाव सुरक्षित आहे म्हणताना ते कोणासाठी, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आज खेड्यात राहायला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या मनातही तो असतो.

सायकलवरचा शिपाई गेला १९६० च्या दशकात. १९६४ च्या पोलीस कायद्याने छोट्या दलांचं एकत्रीकरण सुरू झालं आणि १९७४ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये ४३ दलं उरली. त्याच सुमारास वायरलेस आणि गस्तीच्या मोटारी आल्या. एका गाडीत बसून चार-पाच गावं सांभाळता येतात म्हटल्यावर प्रत्येक गावात घर कशाला? पोलिसांची ती घरं पुढच्या काळात एकेक करून विकली गेली. कागदावर हिशेब बरोबर होता. फक्त गाडीतल्या माणसाला गाव काचेतून दिसायचं.

रिकाम्या जागी लोक आपापले उपाय करू लागले. चेस्टरजवळच्या मॉलिंग्टन या छोट्या गावात १९८२ मध्ये शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवण्याची ब्रिटनमधली पहिली योजना, म्हणजे ‘नेबरहूड वॉच’, सुरू झाली. कल्पना अमेरिकेतून आलेली, पण विंचेस्टरच्या कायद्यातल्या त्या आरोळीपासून फार दूर नव्हे. अल्पावधीत ती देशभर पसरली. अर्थात ती सर्वांत छान चालली ती आधीच कमी चोऱ्या होणाऱ्या, सुखवस्तू वस्त्यांत.

दुसऱ्या टोकाचा उपाय नॉरफोकमधल्या एमनेथ हंगेटजवळ दिसला. २० ऑगस्ट १९९९ च्या रात्री टोनी मार्टिन या शेतकऱ्याच्या एकाकी घरात चोर शिरले. त्याने बेकायदा बाळगलेली बंदूक झाडली. सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीत गोळी लागून मेला. पूर्वीही वारंवार चोऱ्या झाल्या आणि पोलिसांवर आपला भरवसा उरला नव्हता, असं मार्टिनचं म्हणणं होतं. त्याला खुनासाठी जन्मठेप झाली, २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली आणि २००३ मध्ये तो सुटला. देश दोन तट पडून भांडला. एका पोराचा जीव गेला होता हे त्या भांडणात मागे पडलं, ही मला त्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. घरात शिरलेल्याविरुद्ध किती बळ वापरता येईल याविषयीचा कायदा २००८ आणि २०१३ मध्ये घरमालकाच्या बाजूने अधिक स्पष्ट करण्यात आला.

दरम्यान २००२ च्या कायद्याने अटकेचे पूर्ण अधिकार नसलेले, पण पायी फिरणारे सहायक अधिकारी आले आणि काही खेड्यांना पुन्हा ओळखीचा चेहरा मिळाला. मग २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड-वेल्समधले सुमारे वीस हजार पोलीस कमी झाले. पुढे भरती करून संख्या भरून काढली, पण गेलेल्यांबरोबर गेलेली गावांची माहिती भरतीने परत येत नाही.

खेड्यातले गुन्हेही या काळात बदलले. ट्रॅक्टरवरची जीपीएस यंत्रणा, क्वाड बाईक, गॅसची वाहिनी न पोचलेल्या घरांच्या टाकीतलं घर गरम ठेवायचं तेल, जुन्या चर्चच्या छपरावरचं शिसं हे आता चोरांचं लक्ष्य असतं. कुत्रे सोडून सशांचा पाठलाग करण्यावर पैजा लावणाऱ्या टोळ्या उभ्या पिकातून गाड्या घालतात आणि हटकणाऱ्या शेतकऱ्याला धमकावतात. शेतकऱ्यांची विमा कंपनी एनएफयू म्युच्युअल हिच्या अंदाजाने २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ग्रामीण चोऱ्यांचा खर्च ५ कोटी २८ लाख पौंड होता, २०२४ मध्ये तो ४ कोटी ४१ लाखांवर आला. चोरी ठरवून, टोळीने आणि अनेक कौंट्यांच्या सीमा ओलांडून होते. एका गावाच्या आकड्यात ती जेमतेम एक ठिपका असते.

त्या ठिपक्याविषयीही थोडं. हा नकाशा २०११ च्या सुरुवातीला आला आणि पहिल्याच दिवशी गर्दीने संकेतस्थळ कोलमडलं. गोपनीयतेसाठी गुन्हा खऱ्या जागी दाखवत नाहीत. तो जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि त्या बिंदूच्या टापूत किमान आठ पत्ते असावेत किंवा एकही नसावा असा नियम आहे. त्यामुळे दूरच्या मळ्यातली चोरी गावातल्या रस्त्यावर दिसू शकते. समाजविघातक वर्तनाच्या तक्रारीही त्यात असतात. तीनशे वस्तीच्या गावात वर्षात सहा नोंदी झाल्या तर दर हजारी वीस, बारा झाल्या तर चाळीस. एका उनाड टोळक्याच्या एका उन्हाळ्याने गावचा गुन्हेदर ‘दुप्पट’ होतो. म्हणून एका वर्षाच्या दरावरून लहान गावाची पारख करू नये, चार-पाच वर्षांच्या नोंदी आणि त्यांचे प्रकार बघावेत.

आणि जे नकाशावर येतच नाही ते घरातलं. ग्रामीण गुन्ह्यांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं की खेड्यातला घरगुती छळ शहरातल्यापेक्षा सरासरी २५ टक्के जास्त काळ चालतो. बसची सोय नाही, शेजार लांब, आणि नवऱ्याला डॉक्टरपासून पबवाल्यापर्यंत सगळे ओळखतात. अशा बाईने तक्रार कोणाकडे करायची? जुन्या शिपायाच्या दारात जाणं तरी तिला सोपं होतं का, याविषयी मला शंकाच आहे. आजच्या फोनच्या रांगेत थांबणं तर त्याहून अवघड.

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रत्येक परिसराला नावानिशी ओळखता येईल आणि थेट गाठता येईल असा पोलीस अधिकारी देण्याचं आणि २०२९ पर्यंत परिसर-पोलिसांत १३ हजारांची भर घालण्याचं आश्वासन दिलं. शहरात परिसर म्हणजे काही रस्ते, ग्रामीण कौंटीत मात्र मैलोन्‌मैल पसरलेली अनेक गावं. त्यामुळे पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीत या अधिकाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, की आमच्याशिवाय आणखी किती गावं तुमच्याकडे आहेत आणि रात्री फोन उचलणार कोण.