मागून ठोकलं म्हणजे मागच्याचीच चूक? एका समजुतीची पार्श्वभूमी

नागपुरात सिग्नलवर गाडीला गाडी लागली की निकाल पोलीस यायच्या आधीच लागून जातो. व्हरायटी चौक असो की वर्धा रोडवरचा छत्रपती चौक, पानठेल्यावरचे दोघंतिघं पुढे येतात आणि फैसला सुनावतात, "मागून ठोकली ना बे, मंग भर पैसे." मागचा बिचारा "यानंच अचानक ब्रेक मारला भाऊ" म्हणत राहतो, पण त्याचं कोण ऐकतो! बहुतेक वेळा पानठेल्याचा फैसला बरोबरही असतो. गंमत एवढीच, की 'मागून धडकला तो दोषी' असा नियम आपल्या मोटार कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. तो एक कयास आहे, पुरावा आणून खोडता येणारा. तो आला कुठून, हे पाहायचं तर मोटारीच्याही मागे जावं लागतं.

१८०९ साली इंग्लंडमध्ये एकाने रस्त्यात आडवा दांडा टाकला आणि दुसरा भरधाव घोड्यावरून येऊन त्यावर आदळला. स्वाराचीही चूक होती, म्हणून त्याला एक पैसाही मिळाला नाही. त्या काळचा कायदाच तसा होता: स्वतःची थोडी जरी चूक असली तरी दावा संपला. मग १८४२ मध्ये पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या एका गाढवाला भरधाव आलेल्या घोडागाडीने चिरडलं. गाढव तिथे सोडणं चूकच होतं, पण गाडीवाल्याला ते टाळता येत होतं, म्हणून भरपाई त्याच्यावर आली. अपघात टाळायची शेवटची संधी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची, हा विचार यातून रुजला. मागच्या चालकावर आपण जो ठपका ठेवतो त्याचं मूळ इथे आहे. त्याच्यासमोर काच आहे, पुढच्याच्या पाठीला डोळे नाहीत.

१९४५ मध्ये इंग्लंडने कायदा करून दोषाची टक्केवारीत वाटणी मान्य केली. आपल्याकडे देशभरासाठी तसा कायदा झाला नाही, तरी न्यायालयांनी ते तत्त्व उचललं. आज अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात वकील 'कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स' (दावेदाराचाही चुकीत वाटा) म्हणून भांडतात ते यावरच. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं, की दोन वाहनांत किती अंतर असावं याचं एकच माप नाही. वेग, जागा, रहदारी, पुढचं किती दिसतं, गाडी किती अंतरात थांबते, या सगळ्यावर ते ठरतं. मागच्याने मात्र अपेक्षित असलेल्या प्रत्येक प्रसंगाला तोंड देता येईल असंच चालवायला हवं. भारतीय नियमाची भाषा पुढे याच वळणाची झाली.

न्यायालयांनी माप टाळलं, अभियंत्यांनी मात्र काढलं. १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरातच भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते ही आजची वर्गवारी त्या 'नागपूर प्लॅन'मधून आली. परिषदेसाठी पुढाकार घेणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात, समोरचा अडथळा पाहून गाडी थांबवायला चालकाला लागणारं अंतर दिलेलं आहे. ताशी १०० किलोमीटरला ते १८० मीटर. त्यातले सुमारे ७० मीटर ब्रेक लागायच्या आधीच जातात, कारण दिसणं, कळणं आणि पाय हलणं याला अडीच सेकंद धरली आहेत. हे रस्त्याच्या आखणीचं माप आहे, दोन चालत्या गाड्यांमधल्या अंतराचं नाही. पण पुढच्या ट्रकला चिकटून जाणाऱ्याने एकदा तरी नजरेखालून घालावं असं आहे.

कायदा या मापापर्यंत कधी आलाच नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवण्याच्या नियमांची छोटी अनुसूची होती. १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी न्यायाधिकरणं आली. त्याआधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना दिवाणी कोर्टाचे उंबरे झिजवावे लागत. न्यायाधिकरणातही निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं दावेदारावरच होतं, आणि मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. ही अडचण सोडवणाऱ्या निकालांतला एक आपल्याच भागातला आहे. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याची उजवी बाजू ओलांडून झाडावर आदळली. पाहणारा साक्षीदार नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इथे घटनाच बोलते. गाडी तिकडे कशी गेली हे आता दुसऱ्या बाजूने सांगावं. मागून झालेल्या धडकेतही हाच युक्तिवाद चालतो. ओझं मागच्यावर सरकतं, पण ते सरकलेलं ओझं आहे, अंतिम निकाल नाही.

१ जुलै १९८९ पासून, नव्या १९८८ च्या कायद्याबरोबरच, रस्त्याचे नियम लागू झाले. त्यात दोन नियम लागोपाठ आहेत. तेविसावा मागच्यासाठी: पुढचं वाहन अचानक मंदावलं किंवा थांबलं तरी धडक टळेल इतकं अंतर ठेवा. चोविसावा पुढच्यासाठी: सुरक्षिततेची गरज नसेल तर एकदम ब्रेक मारू नका. २०१७ च्या नव्या नियमांतही या दोन्ही बाजू राहिल्या. पहिला सगळ्यांना पाठ आहे. ट्रकच्या मागेही तोच रंगवलेला असतो. दुसरा मात्र वर्षानुवर्षं कागदावरच राहिला, असं माझं मत.

२०१८ मध्ये दोन निकाल काही आठवड्यांच्या अंतराने आले, आणि ते शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. एकात ट्रकच्या मागे १० ते १५ फुटांवर कार होती. एवढं अंतर सुरक्षित नव्हेच, म्हणत सर्वोच्च न्यायालयाने कारचालकाचा दोष कायम ठेवला. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे १५ फूट हा सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला. दुसऱ्यात रात्री रस्त्याच्या मधोमध, दिवे न लावता उभ्या टँकरवर कार आदळली. उच्च न्यायालयाने दोष निम्मानिम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण टँकरवाल्यावर ठेवला. धडकणारा दोन्हीकडे मागचाच होता.

चोविसाव्या नियमामागचा विचार खऱ्या अर्थाने वर आला तो जुलै २०२५ मध्ये. कोइमतूरजवळ एका कारवाल्याने गर्भवती पत्नीला मळमळतंय म्हणून महामार्गावर अचानक ब्रेक मारला. मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. न्यायाधिकरणाने कारवाल्याला मोकळं सोडलं होतं. उच्च न्यायालयाने त्याच्यावर ४० टक्के दोष टाकला, सर्वोच्च न्यायालयाने ५०. बसवर ३०, विद्यार्थ्यावर २०. कारण अगदी खरं असलं तरी महामार्गावर थांबण्याआधी मागच्याला इशारा देणं चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. अंतर न राखल्याबद्दल विद्यार्थ्याचेही वीस टक्के गेलेच.

नागपूरच्या दृष्टीने याला महत्त्व आहे ते समृद्धी महामार्गामुळे. शिवमडक्याहून शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, कारला ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगात सेकंदाला ३३ मीटर जातात. तिथे कडेला, पार्किंग लाइटशिवाय उभा ट्रक आणि सिग्नलवर चिकटलेली ॲक्टिव्हा यांना पानठेल्याचा एकच फैसला लावून चालणार नाही.

आणि पुरावा? तो पहिल्या तासाभरातच असतो. टायरच्या घसाऱ्याच्या खुणा, काच कुठे सांडली, धडकेचा घाव किती उंचीवर आहे. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि मागचा भाग उचलला जातो, त्यामुळे घावाची उंचीही बोलते. तीन गाड्या एकामागोमाग आदळल्या असतील तर सगळ्यात पुढच्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की धक्का एक बसला की दोन. मधला आधी थांबला होता आणि मागून ढकलला गेला, की आधी स्वतःच पुढे धडकला होता, हे त्यावरून कळतं. लोक मात्र ट्रॅफिक अडतो म्हणून फोटो न काढताच गाड्या बाजूला घेतात.